छेदाच्या कडेची साक्ष

तोंडातील वा घशातील गाठीची शस्त्रक्रिया आटोपून शल्यविशारद बाहेर आले म्हणजे नातेवाइकांच्या तोंडून बहुधा एकच प्रश्न निघतो, 'डॉक्टर, सगळं निघालं ना?', आणि त्याचे उत्तर त्या घटकेला शल्यविशारदांच्या हाती पुरतेपणी नसते, कारण तो निकाल काही दिवसांनी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून येणाऱ्या कागदावर अवलंबून असतो. त्या कागदावर गाठीची लांबी-रुंदी, तिची खोली, मानेतून काढलेल्या लसिकाग्रंथींची संख्या आणि त्यांपैकी किती ग्रंथींपर्यंत रोग पोचला होता याचा सारा तपशील असतो; पण जाणत्याची नजर आधी जाते ती कापलेल्या कडा रोगमुक्त आहेत की नाहीत हे सांगणाऱ्या ओळीकडे. गाठीच्या शेवटच्या पेशीपासून छेदाच्या कडेपर्यंत निदान ५ मिलिमीटर निरोगी ऊतक असेल तर कड स्वच्छ समजावी, अशी वहिवाट आहे. तथापि ज्यांच्या कडा स्वच्छ म्हणून नोंदल्या गेल्या अशाही अनेक रुग्णांत रोग उलटतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो, आणि पुष्कळदा त्याच जागी किंवा तिच्या अगदी शेजारी उलटतो. त्या स्वच्छ कडेत सूक्ष्मदर्शकाला न दिसलेले असे काय उरले होते, आणि ते पेशींतील प्रथिनांकडून आधीच कळून घेता येईल काय, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हा विषय आपल्या घरचा आहे. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो आणि स्त्री-पुरुष मिळून दर वर्षी लाखाहून अधिक नव्या रुग्णांची त्यात भर पडते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना १९४१ साली झाली, तेव्हापासून तेथील प्रयोगशाळांची धुरा वाहणाऱ्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला, आणि १९६३ साली मुंबईत देशातील पहिले लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी दप्तर उभे राहिले. चुना मळून तंबाखूचा बार गालात धरणारे पुरुष, भाजून काळी केलेली तंबाखू मशेरी म्हणून दातांना व हिरड्यांना चोळणाऱ्या स्त्रिया, आणि अलीकडच्या काळात, २०१२ सालच्या राज्यव्यापी बंदीनंतरही, गुटख्याची पुडी सहज मिळवणारी तरुण मुले, या सर्वांच्या बाबतीत एक गोष्ट समान असते: विषाचा संपर्क तोंडातल्या एका ठिपक्यापुरता न राहता वर्षानुवर्षे सबंध अस्तराशी घडत राहतो.

या साध्या वाटणाऱ्या गोष्टीचा शास्त्रीय अर्थ १९५३ साली शिकागो येथील डॅन्ली स्लॉटर आणि त्यांचे दोन सहकारी यांनी मांडला. तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास करताना त्यांना आढळले की, गाठ जेथे संपते असे डोळ्यांना वाटते त्याच्या पलीकडेही अस्तराच्या पेशी बिघडलेल्या असतात, आणि सुमारे ११ टक्के रुग्णांत तर एकाहून अधिक स्वतंत्र गाठी उद्भवलेल्या असतात. कर्करोग एका पेशीत जन्मतो हे खरे असले, तरी त्याच्या जन्माआधी एक सबंध क्षेत्रच रोगाला अनुकूल झालेले असते, असा त्यांचा सिद्धान्त होता. पन्नास वर्षांनंतर ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी त्याला जनुकशास्त्राचा आधार दिला. एखाद्या मूळ पेशीच्या जनुकात बिघाड होतो, तिची संतती शेजारच्या निरोगी पेशींना हटवून अस्तरावर पसरत जाते, आणि दिसायला जवळजवळ निरोगी अशा या पट्ट्यातून पुढे कधीतरी गाठ उठते. ती कापून काढली तरी पट्ट्याचा काही भाग रुग्णाच्या तोंडातच राहतो. शस्त्रक्रिया होऊन गाठ गेल्यावर पुन्हा तंबाखूकडे वळणाऱ्या रुग्णाबद्दल डॉक्टर एवढे कळवळून का बोलतात, ते या एका गोष्टीवरून ध्यानात यावे.

आता प्रयोगशाळेत काय घडते ते थोडे जवळून पाहू. शस्त्रक्रियेत निघालेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवून येतो, आणि तोवर तो मूळ मापापेक्षा बराच आक्रसलेला असतो. त्याच्या कडांना निरनिराळ्या रंगांची शाई लावतात, म्हणजे जिभेकडची कड कोणती, जबड्याकडची कोणती आणि तळाची कोणती, हे पुढे काचेवरही ओळखता येते. मग निवडक जागांचे पातळ काप काढून ते पॅराफिन मेणात बसवतात. या मेणाच्या वडीला प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याखाली ब्लॉक धरला की त्याची साधारण चार मायक्रॉन जाडीची, श्वासानेही उडून जाईल अशी फीत निघते. ती कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर अलगद उचलतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगांनी रंगवतात. पेशीकेंद्रे निळी-जांभळी होतात, बाकीची पेशी गुलाबी होते, आणि विकृतिशास्त्रज्ञ या दोन रंगांच्या आधारे पेशींचे आकार व त्यांची मांडणी पाहून निर्णय देतो. या पद्धतीबद्दल मला आदर आहे, कारण शंभराहून अधिक वर्षे कर्करोगाच्या निदानाचा सारा भार तिने वाहिला आहे. पण तिच्या मर्यादा दोन आहेत, आणि दोन्ही मोठ्या आहेत. सबंध कडेपैकी काचेवर येतो तो फार थोडा अंश. आणि जो येतो त्यातही पेशीचे रूप बिघडले असेल तरच ती पकडली जाते, तिचा अंतर्गत कारभार बिघडूनही रूप शाबूत असेल तर ती निरोगी म्हणून सुटते.

अंतर्गत कारभार पाहायचा तर प्रथिने पाहावी लागतात, कारण जनुकांत आज्ञा लिहिलेल्या असल्या तरी त्यांची अंमलबजावणी करतात ती प्रथिने. विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड तयार करून त्यांना रंग जोडावा, म्हणजे ते प्रथिन पेशीत नेमके कोठे आणि किती आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल, ही युक्ती हार्वर्डच्या आल्बर्ट कून्स यांनी १९४०च्या दशकाच्या आरंभी योजिली. १९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची रीत शोधल्यावर ही परीक्षा साऱ्या जगभर रुळली. त्याच ब्लॉकमधून आणखी एक फीत काढावी, तिच्यावर प्रतिपिंड सोडावे, आणि जेथे ते प्रथिन असेल तेथे तपकिरी रंग उमटावा, असे तिचे स्वरूप आहे.

डोके व मान यांच्या कर्करोगात या रीतीने ज्यांची चौकशी झाली त्या प्रथिनांत पी-५३चा मान पहिला. १९७९ साली ते सापडले तेव्हा ते कर्करोगाला हातभार लावणारे प्रथिन समजले गेले, आणि दहा वर्षांनी उलगडा झाला की मूळ स्वरूपात ते रोगाला आवर घालणारे आहे. गुणसूत्रांना इजा झाली असता ते पेशीचे विभाजन थांबवते, आणि इजा दुरुस्त होण्यापलीकडची असेल तर पेशीला मरणाची आज्ञा देते. १९९५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेत डेव्हिड सिड्रान्स्की यांच्या गटाने अशा २५ रुग्णांच्या कडा तपासल्या की ज्यांच्या गाठीत पी-५३च्या जनुकाचा बिघाड ठाऊक होता आणि ज्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाने स्वच्छ ठरवल्या होत्या. १३ जणांच्या कडेत तोच बिघाड बाळगणाऱ्या पेशी सापडल्या आणि त्यांपैकी ५ जणांत रोग त्याच जागी उलटला. उरलेल्या १२ जणांपैकी एकाचाही उलटला नाही. ही परीक्षा जनुकाची होती. प्रत्येक रुग्णाचा बिघाड निराळा, म्हणून प्रत्येकासाठी निराळे साधन तयार करावे लागे, आणि हे काम मोठ्या रुग्णालयाच्या रोजच्या गर्दीत चालण्यासारखे नव्हते.

मग पी-५३चे प्रथिनच का रंगवू नये? बिघडलेले प्रथिन पेशीत साचते आणि निरोगी प्रथिन झपाट्याने विरघळते, त्यामुळे गडद रंग म्हणजे बिघाड, असा तर्क पुष्कळांनी केला आणि तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. परंतु काही बिघाड असे असतात की प्रथिन अर्धवटच तयार होते आणि टिकतही नाही. तेथे काच कोरीच राहते, आणि न जाणणारा पाहणारा त्या कोऱ्या काचेला आरोग्याचा दाखला समजतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ४२० रुग्णांच्या अभ्यासात निम्म्याहून किंचित अधिक गाठींत पी-५३चे जनुक बिघडलेले आढळले, आणि प्रथिनाचे कार्य समूळ उद्ध्वस्त करणारे बिघाड ज्यांच्यात होते त्यांचे आयुष्य तुलनेने कमी ठरले. रंगाची उणीव हीसुद्धा साक्ष असू शकते, हे ध्यानात ठेवूनच या परीक्षेचा अर्थ लावला पाहिजे.

ज्या प्रथिनापाशी मला अधिक रेंगाळावेसे वाटते ते ईआयएफ-४ई. पेशीकेंद्रातील जनुकाची प्रत संदेशाच्या रूपाने बाहेर येते, तिच्या आरंभी एक रासायनिक टोपी असते, आणि ती टोपी धरून संदेशाला प्रथिननिर्मितीच्या स्थळी नेऊन पोचवणे हे ईआयएफ-४ईचे काम. पेशीत ते फार थोडे असते. एखाद्या कचेरीत अर्जांचे ढीग असावेत आणि शिक्का मारणारा कारकून मात्र एकच असावा, म्हणजे सरळ, आटोपशीर अर्ज आधी निघतात आणि लांबलचक, गुंतागुंतीचे अर्ज मागे पडतात. तसेच येथे होते. पेशीच्या नित्य निर्वाहाचे संदेश आरंभी सुटसुटीत असतात आणि सहज पुढे सरकतात. वाढीला उत्तेजन देणारी, पेशीविभाजनाचे चक्र फिरवणारी, नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी जी प्रथिने, त्यांच्या संदेशांचा आरंभीचा भाग लांब व स्वतःभोवतीच गुरफटलेला असतो, आणि निरोगी पेशीत त्यांना दीर्घकाळ ताटकळावे लागते. नव्हे, त्या ताटकळण्यातच पेशीचा संयम आहे. ईआयएफ-४ईचे प्रमाण वाढले की नित्याच्या संदेशांना त्याचा फारसा लाभ होत नाही, परंतु या अडवून ठेवलेल्या संदेशांना एकाएकी वाट मोकळी होते. जनुकात बिघाड नसतानाही पेशी कर्करोगाच्या वाटेला लागू शकते, याचे इतके नितळ उदाहरण विरळा. केवळ हे एक प्रथिन अवास्तव वाढवले असता प्रयोगशाळेतील निरोगी पेशी कर्करोगी होतात, हे १९९० साली प्रयोगाने दाखवलेही गेले.

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या श्रेव्हपोर्ट येथील संशोधकांनी हे प्रथिन शस्त्रक्रियेच्या कडेत शोधले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६५ रुग्ण होते. स्वच्छ म्हणून गणल्या गेलेल्या कडांत ३६ जणांच्या बाबतीत ईआयएफ-४ई वाढलेले दिसले आणि त्यांपैकी २० जणांचा रोग उलटला. ज्या २९ जणांच्या कडेत ते वाढलेले नव्हते त्यांपैकी उलटला तो फक्त २ जणांचा. या प्रथिनाला बांधून ठेवणारे दुसरे एक प्रथिन पेशीत असते, आणि ती बांधणी सैल करण्याचा अधिकार एमटॉर नावाच्या तिसऱ्या प्रथिनाकडे असतो. एमटॉरला रोखणारे रॅपामायसिन हे द्रव्य ईस्टर बेटाच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून मिळाले. मॉन्ट्रियल येथे ते वेगळे काढणाऱ्या शास्त्रज्ञांत जन्माने भारतीय असलेले सुरेन सेहगल प्रमुख होते, आणि त्याची माहिती १९७५ साली प्रसिद्ध झाली. ज्याच्या कडेत ईआयएफ-४ई वाढले आहे त्याला या कुळातील औषध द्यावे, ही कल्पना त्यातूनच निघाली. तिच्यावर चाचण्या झाल्या आहेत, परंतु या रोगाच्या नित्य उपचारांत त्या औषधांना अद्याप स्थान मिळालेले नाही.

आतापर्यंतची साक्ष धोक्याची होती. पी-१६ची साक्ष आशेची आहे. घशाच्या मागील भागात, म्हणजे टॉन्सिल व जिभेचा तळ या प्रदेशात, मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होणारे कर्करोग युरोप-अमेरिकेत गेल्या काही दशकांत फार वाढले. हा विषाणू पेशीविभाजनाला आळा घालणारे आरबी हे प्रथिन निकामी करतो, आणि मग आरबीच्या धाकात राहणारे पी-१६ बेसुमार साचत जाते. म्हणून ७० टक्के वा अधिक पेशींत पी-१६चा गडद रंग उमटला तर त्या गाठीमागे हा विषाणू आहे असे मानतात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीच्या विश्लेषणात विषाणूजन्य गाठीचे ८२.४ टक्के रुग्ण तीन वर्षांनंतर हयात होते, तर इतरांपैकी ५७.१ टक्के. हा फरक इतका मोठा की २०१८च्या आरंभापासून अमलात आलेल्या नव्या वर्गवारीत या रोगाच्या अवस्था वेगळ्याच मोजल्या जाऊ लागल्या.

या आशेच्या बळावर उपचार सौम्य करावेत असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नव्हते, आणि तसे करून पाहिलेही गेले. किरणोपचाराबरोबर देण्याच्या सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब द्यावे, म्हणजे रुग्णाची श्रवणशक्ती आणि मूत्रपिंडे सुरक्षित राहतील, असा हेतू होता. पण २०१९ साली निष्कर्ष आला तो असा की, सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ८४.६ टक्के पाच वर्षे जगले आणि सेटुक्सिमॅब घेतलेल्यांपैकी ७७.९ टक्के. ज्याचे भवितव्य चांगले आहे असे प्रथिन सांगते, त्याला कमी उपचार पुरतील असे काही ते प्रथिन सांगत नाही. आपल्याकडील रुग्णांच्या बाबतीत आणखी एक इशारा देणे अगत्याचे आहे. गाल, हिरडी व जिभेचा पुढचा भाग यांच्या कर्करोगात विषाणूचा वाटा आपल्या देशात अल्प असून तंबाखू व सुपारी हेच मुख्य कारण असते, आणि तेथे पी-१६च्या रंगावरून विषाणूचे अनुमान करणे योग्य नाही. बाहेरगावच्या एखाद्या प्रयोगशाळेने ही परीक्षा करून 'सकारात्मक' असा शेरा दिला म्हणून गालाच्या गाठीच्या रुग्णाने निर्धास्त होऊ नये.

पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर या ग्राहक प्रथिनाची हकीकत थोडक्यात सांगतो. या रोगाच्या बहुसंख्य गाठींत ते वाढलेले असते आणि ते फार वाढले असेल तर किरणोपचारानंतर रोग उलटण्याचा संभव अधिक, असे २००२ साली दिसून आले. त्याला रोखणारे निमोटुझुमॅब हे औषध टाटा रुग्णालयात ५३६ रुग्णांवर अजमावले गेले, आणि किरणोपचार व सिस्प्लॅटिन यांच्या जोडीला ते दिले असता रोग पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण घटले. मात्र ईजीएफआरचा रंग किती गडद आहे हे पाहून अशी औषधे कोणाला द्यावी याची निवड करता येते, असे सिद्ध झालेले नाही.

इतकी प्रथिने तपासली गेली आणि त्यांतील इतकी थोडी रुग्णाच्या कामी आली, याचे कारण प्रथिनांत नसून आपल्या तपासाच्या रीतीत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. २५ रुग्ण, ६५ रुग्ण, एकच रुग्णालय, जुन्या ब्लॉकमधून निवडलेले नमुने; एका प्रयोगशाळेचे प्रतिपिंड एका कंपनीचे तर दुसरीचे दुसऱ्या कंपनीचे; एक जण दहा टक्के पेशी रंगल्या तर प्रथिन वाढले म्हणतो, दुसरा पन्नास टक्के, आणि कित्येकदा ही मर्यादारेषा निष्कर्ष पाहून मग आखली जाते. अशा रीतीने पहिल्या अभ्यासात झळकलेले प्रथिन दुसऱ्यात फिके पडते आणि तिसरा अभ्यास कोणी करतच नाही. २००५ साली जगातील अनेक नियतकालिकांनी एकाच वेळी 'रिमार्क' नावाची नियमावली प्रसिद्ध केली आणि सूचक प्रथिनावरील अभ्यासात रुग्ण कसे निवडले, परीक्षा कशी केली, मर्यादारेषा कशी ठरवली हे सारे सांगणे आवश्यक मानले, ते याचसाठी.

तूर्त शस्त्रक्रियेनंतरचे निर्णय पूर्वीच्याच लक्षणांवर होतात. कडेत रोग सापडला किंवा लसिकाग्रंथीचे आवरण फोडून तो बाहेर आला असेल तर किरणांबरोबर सिस्प्लॅटिनही द्यावे, हे युरोप व अमेरिका येथील २००४ सालच्या दोन चाचण्यांनी ठरवून दिले. मानेचा प्रश्न टाटा रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली निकालात काढला: तोंडाची गाठ लहान असून मानेत हाताला काही लागत नसले तरी पहिल्याच वेळी मानेच्या ग्रंथी काढल्या तर तीन वर्षांनंतर ८० टक्के रुग्ण हयात असतात, आणि वाट पाहिली तर ६७.५ टक्के. परंतु ज्यांच्या ग्रंथी अशा आधीच काढल्या त्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांच्याच ग्रंथींत रोग निघाला. उरलेल्या सत्तर टक्क्यांना मानेवरचा लांब छेद आणि खांद्याचा अवघडलेपणा सोसावा लागला तो केवळ आपल्याला आधी ओळखता आले नाही म्हणून. पहिल्या बायॉप्सीच्या तुकड्यावरून हे दोन गट वेगळे करून दाखवणारे विश्वासार्ह प्रथिन ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी हजारो माणसांची मान सुऱ्यातून सुटेल, आणि त्या दिवसासाठी कितीही परिश्रम व्हावेत असे मला वाटते.

रोग उलटल्यानंतर मात्र एक प्रथिन आज खरोखर कामी येते. पीडी-एल१ हे प्रथिन पांघरून गाठ शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना निष्क्रिय करते. ते किती पेशींवर आहे याची मोजदाद करून उलटलेल्या वा पसरलेल्या रोगात पेम्ब्रोलिझुमॅब द्यावे काय, आणि एकटे की केमोबरोबर, हे २०१९पासून ठरू लागले. त्याची किंमत आपल्याकडील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणून टाटा रुग्णालयातील वैद्यांनी त्याच कुळातील निव्होलुमॅब नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घेण्याच्या स्वस्त औषधांच्या जोडीने देऊन पाहिले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत वर्षअखेर हयात असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

ज्यांच्या घरात हा रोग येऊन गेला आहे त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. पहिल्या दोन वर्षांतील तपासणीच्या तारखा चुकवू नयेत, कारण उलटलेला रोग लवकर हाती लागला तर पुन्हा शस्त्रक्रियेची मुभा राहते. आणि विकृतिशास्त्राच्या अहवालाबरोबर काचपट्ट्या व ब्लॉक कोणत्या प्रयोगशाळेत आहेत आणि किती वर्षे राखले जातात याची विचारपूस करून ठेवावी. ब्लॉक नीट राखलेला असेल तर अनेक वर्षांनंतरही त्यातून नवी फीत काढून त्या वेळी उपलब्ध असलेली परीक्षा करता येते, आणि दुसऱ्या वैद्याचे मत घ्यावयाचे असल्यास रुग्णालयाकडे रीतसर अर्ज करून तो मागून घेता येतो.